आकडा किती, यापेक्षा तो कोणत्या दिवसाचा

उजव्या वृषणात गाठ हाताला लागली, पण दुखत नव्हती. दुखत नाही म्हणूनच मी तीन आठवडे अंगावर काढले. सोनोग्राफी झाल्यावर डॉक्टरांनी ऑपरेशनच्या तारखेआधी हातात चिठ्ठी दिली ती रक्ताची: एएफपी, बीटा-एचसीजी, एलडीएच. वृषणाच्या कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारे हे तीन पदार्थ, म्हणजे मार्कर. "आधी रक्त द्या, मग भरती व्हा. गाठ निघाली की आकडे उतरायला लागतात, मग मुळात किती होते ते कळायचं नाही." या गाठीत सुई घालून तुकडा काढत नाहीत, जांघेतून अख्खं वृषण काढून मगच तपासतात, हेही त्यांनी तेव्हाच समजावलं.

लॅबच्या काउंटरवरच्या मुलीने चिठ्ठी वाचली. "पेशंट कुठे आहेत? ही प्रेग्नन्सीची टेस्ट आहे." मागे रांग होती. "मीच पेशंट," एवढंच माझ्या तोंडून निघालं आणि कान गरम झाले. आज तिला नीट सांगितलं असतं. गरोदरपणात वार जे संप्रेरक तयार करते, तेच या कॅन्सरच्या काही पेशी तयार करतात. एएफपी पोटातल्या बाळाच्या शरीरात बनतं, मोठ्या माणसाच्या रक्तात अगदी थोडं असतं. एलडीएच मात्र खास या आजाराचं नाही. पेशींना कुठेही इजा झाली की ते वाढू शकतं.

माझं एएफपी ४१२ आलं, बीटा-एचसीजी ८६, एलडीएच किंचित वर. निव्वळ सेमिनोमात, म्हणजे या कॅन्सरच्या एका प्रकारात, एएफपी वाढत नाही, त्यामुळे गाठीत दुसऱ्याही पेशी असणार हे डॉक्टर ऑपरेशनआधीच बोलले होते, आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्टही तसाच, मिश्र गाठीचा आला. पण ज्यांचे तिन्ही आकडे नॉर्मल आहेत त्यांनी निर्धास्त होऊ नये. मार्कर नॉर्मल असूनही हा कॅन्सर असू शकतो. गाठ लागली तर सोनोग्राफी करायचीच.

ऑपरेशननंतर आठव्या दिवशी एएफपी १७० आलं आणि मी हादरलो. नॉर्मलची हद्द दहाच्या आसपास, आणि गाठ तर काढून टाकलेली! डॉक्टरांनी माझ्याच रिपोर्टच्या पाठीवर पेनाने उतरती रेघ काढली. एएफपी साधारण ५ ते ७ दिवसांत निम्मं होतं, एचसीजी दीड-दोन दिवसांत. म्हणजे ४१२ चे सहा दिवसांनी २०६, बारा दिवसांनी १०३. आठव्या दिवसाचे १७० त्या रेघेच्या जवळच बसत होते. रेघ मध्येच आडवी झाली किंवा वर वळली, तर कुठेतरी आजार उरलाय असं समजून पुढचा विचार करायचा. ती रेघ बघितल्यावर त्या रात्री मला झोप लागली.

मग मी वहीच घातली. पंधरावा दिवस ७४, बाविसावा ३३. एचसीजी तर दुसऱ्या तपासणीतच नॉर्मल. मध्ये एकदा एलडीएच एकदम चढलं. नळीतल्याच तांबड्या पेशी फुटल्या होत्या, सॅम्पल खराब. पुन्हा रक्त दिलं तर नॉर्मल. घरात मात्र त्या दोन दिवसांत कोणी धड जेवलं नाही. वाढलेल्या एका आकड्यावर डॉक्टर लगेच केमो का सुरू करत नाहीत, ते त्या वेळी कळलं.

छत्तिसाव्या दिवशी ६.४. सीटी स्कॅनमध्येही काही निघालं नाही, म्हणून केमो न देता लक्ष ठेवायचं ठरलं. पहिलं वर्ष दर महिन्याला रक्त, शिवाय ठरलेल्या वेळी स्कॅन. रक्त मी एकाच लॅबमध्ये देतो. लॅब बदलली की पद्धत बदलते, कधी एककही, आणि वहीतले आकडे एका ओळीत वाचता येत नाहीत.

गेल्या मंगळवारी ५.१ आलं. पुढची तारीख त्याच पानावर, खालच्या ओळीत लिहिली आहे.