नव्या गे क्लबमधली पहिली रात्र, माझा अनुभव

क्लब उघडणार हे कळल्यापासून मी अक्षरशः दिवस मोजत होतो. आतापर्यंत आमच्यासाठी नाचायला जायचं म्हणजे महिन्यातून एखादी पार्टी, तीही दुसऱ्याच कुणाच्या तरी क्लबमध्ये त्यांच्या रिकाम्या दिवशी, पत्ता शेवटच्या क्षणी मेसेजवर येणार आणि पुढच्या महिन्यात होईल की नाही याचा भरवसा नाही. त्यामुळे फक्त आपल्यासाठी, दर आठवड्याला उघडी, डान्स फ्लोअर असलेली जागा येतेय म्हटल्यावर खूप भरून आलं होतं. म्हणून सविस्तर लिहितोय, राग काढायला नाही, खरंच वाईट वाटलं म्हणून.

आम्ही तिघं गेलो. मी, माझी एक जुनी मैत्रीण जी ट्रान्स आहे, आणि ओळखीतला एक बावीस वर्षांचा मुलगा, मला दादा म्हणतो, घरी अजून काही सांगितलेलं नाहीये त्याने. त्याची ही पहिलीच वेळ. आठवडाभर विचारत होता, दादा काय घालू, दादा तिथे एकट्याने नाचलं तर चालतं का. मी त्याला सांगितलं होतं की तिथे कुणी कुणाकडे बघत नाही, बिनधास्त ये. हे वाक्य मला नंतर फार टोचलं.

आधी ऑनलाइन फॉर्म भरायचा होता. त्यात ओळखपत्राचा फोटो अपलोड करायला लावला. वय तपासायला गेटवर कार्ड दाखवणं समजू शकतो, पण गे क्लबने लोकांची खरी नावं आणि फोटो साठवून ठेवायचे, ते किती दिवस ठेवणार, कोण बघणार, काही लिहिलेलं नाही. त्या मुलाने दोनदा फॉर्म अर्धवट सोडला, शेवटी माझ्यावर विश्वास ठेवून भरला.

रांगेत पाऊण तास गेला, त्याचं काही नाही, पहिल्याच रात्री गर्दी असणार, उलट रांगेत मजा आली, अनोळखी लोक एकमेकांच्या कपड्यांचं कौतुक करत होते, कुणीतरी ग्लिटर वाटत होतं. खरं सांगायचं तर सगळ्या रात्रीत तेवढाच वेळ छान गेला. मग गेटवर यादी तपासणाऱ्या माणसाने माझ्या मैत्रिणीचं कार्डावरचं जुनं नाव मोठ्याने वाचलं. एकदा नाही, दोनदा, कारण ती लगेच पुढे आली नाही. मागे रांगेत शंभरेक माणसं. त्यानंतर झडतीसाठी बायकांची रांग वेगळी आणि पुरुषांची वेगळी, आणि तिला कुठे पाठवायचं यावर दोन बाउन्सर तिच्यासमोरच बोलत राहिले, जणू ती तिथे नाहीच. ती शांतपणे म्हणाली, मी बायकांच्या रांगेत जाते, आणि गेली. इतक्या वर्षांच्या सवयीने आलेला तो शांतपणा मला बघवत नाही. कार्डावरचा नंबर बघून नाव विचारता आलं असतं, कुणाकडून झडती घेतलेली चालेल हे तिलाच विचारता आलं असतं, यात एका पैशाचा खर्च नाही. गे क्लब म्हणून बोर्ड लावलात तर गेटवरच्या माणसांना एवढं तरी शिकवा ना.

आत गेलो आणि मी फ्लोअर शोधायला लागलो. मधोमध एक चौकोन, मी पावलं टाकून बघितली, नऊ बाय सात पावलं. त्याच्या तिन्ही बाजूंनी थोडे उंचावर बुक करायचे टेबल आणि सोफे. म्हणजे नाचणारे खाली आणि वर बसून बघणारे. आणि बऱ्याच टेबलांवर आलेली मंडळी सरळसरळ नवीन काहीतरी बघायला आलेली, एका टेबलावर तर कुणाची तरी लग्नाआधीची पार्टी चालू होती. स्ट्रेट मित्रमैत्रिणी आले तर मला काही अडचण नाही, माझे अर्धे मित्र स्ट्रेट आहेत, पण ते आपल्यासोबत नाचायला येतात. इथे दोन मुलं एकमेकांना धरून स्लो नाचत होती तर वरून शिट्ट्या आणि टाळ्या. ती दोघं लाजून बाजूला झाली, आणि नंतर पूर्ण रात्र मला परत फ्लोअरवर दिसली नाहीत.

मला यात सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगतो. नाचायच्या जागेसाठी आपल्या आधीच्या लोकांनी खूप काही केलंय. डेव्हिड मॅन्कुसोने न्यूयॉर्कमध्ये 1970 साली स्वतःच्या राहत्या जागेत पार्ट्या सुरू केल्या, द लॉफ्ट नावाने ओळखल्या जातात त्या, बोलावलेल्या लोकांसाठी, दारू विकायची नाही, सगळा जीव आवाजाच्या क्वालिटीवर. पुढे न्यूयॉर्कमधलाच पॅराडाइज गॅराज हा क्लब, 1977 ते 1987, तिथे डीजे लॅरी लेव्हन रात्रभर गाणी लावायचा, तिथेही दारू विकत नसत आणि साउंड सिस्टीम मात्र अशी की आजही लोक तिचं नाव काढतात. फ्लोअर आधी, बाकी नंतर. आपल्याकडे पैसे लावून क्लब काढणाऱ्याने टेबलं विकू नयेत असं मी म्हणत नाही, भाडं निघायला पाहिजे हे मलाही कळतं, पण फ्लोअर उरलेल्या जागेत बसवायची गोष्ट नाही.

आवाजाबद्दल. छत कमी उंचीचं, तीन भिंतींना आरसे आणि काच, म्हणजे वरच्या पट्टीतला आवाज सगळीकडून आपटून परत येतो आणि कान किरकिरायला लागतात. बेसचं, म्हणजे खालच्या पट्टीतल्या आवाजाचं, वेगळंच, 50 हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते, तेवढ्याच खोलीत ती भिंतींमध्ये अडकली की एका जागी छाती हादरते आणि चार पावलं सरकलात की बेस गायबच. आम्ही सरकत सरकत एक बरी जागा शोधली तर ती नेमकी टॉयलेटच्या दारात. फोनवर मोजलं तर 100 डेसिबलच्या वर आकडा, फोनचं माप अगदी अचूक नसतं हे मान्य, पण 100 डेसिबलला साधारण पंधरा मिनिटांत दिवसभराचा सुरक्षित कोटा संपतो आणि पुढे प्रत्येक 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. इअरप्लग मागितले तर नाहीत. पाणी मागितलं तर फक्त बाटली, तीही बारच्या रांगेत वीस मिनिटं उभं राहून. नाचून घामाघूम झालेल्या माणसाला साधं पाणी भरून घ्यायची सोय नाही, हे चूक आहे, धोक्याचं पण आहे.

डीजे वाईट नव्हता, दोन गाणी अशी सुंदर जोडली होती त्याने की पोरं फ्लोअरवर धावत आली. पण दर दहा मिनिटांनी कुठल्या तरी टेबलावर फुलबाज्या लावलेली बाटली जायची आणि त्यासाठी गाणं मध्येच कापून सगळे पांढरे लाइट लावायचे. पहिल्यांदा लाइट लागले तेव्हा मी अक्षरशः थबकलो. न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल इन या गे बारमध्ये पोलीस आले की असेच पांढरे लाइट लावायचे, म्हणजे नाचणाऱ्यांनी एकमेकांना सोडून लांब व्हायचं, तो इशारा होता. 28 जून 1969 ला तिथेच धाड पडली आणि त्या रात्री लोकांनी घरी जायला नकार दिला. क्लबवाल्यांच्या मनात असं काही नसणार, त्यांना कुणी सांगितलंच नसेल. पण लाइट लागल्यावर मी आजूबाजूला बघितलं तर तीनचार जोडप्यांचे हात आपोआप सुटले होते.

आणि त्याच उजेडात फोटोग्राफर फिरत होता. न विचारता, फ्लॅश मारून. बर्लिनच्या बर्गहाइन या क्लबमध्ये आत जाताना फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, कारण आत कोण कुणासोबत आहे हे आतच राहिलं पाहिजे. इथे उलटंच. मी आमच्यासोबत आलेल्या त्या मुलाकडे बघितलं तर तो डोळे मिटून नाचत होता, पहिल्यांदाच, दोन्ही हात वर, चेहऱ्यावर एवढं समाधान मी त्याच्या कधी बघितलं नव्हतं, आणि फ्लॅश नेमका त्याच्यावर पडला. डोळे उघडले आणि सगळा रंगच उडाला त्याचा. दादा, तो फोटो कुठे जाणार? मी फोटोग्राफरकडे गेलो, डिलीट कर म्हणालो, तो म्हणाला मॅनेजरला विचारा, मॅनेजर म्हणाला फॉर्ममध्ये तुम्ही परवानगी दिली आहे. फॉर्ममध्ये सगळ्यात खाली, आधीच टिक केलेली एक ओळ होती म्हणे.

मी त्याला घेऊन बाहेर पडायचं ठरवलं. मागच्या बाजूला इमर्जन्सी दार दिसलं पण त्याच्यासमोर एक्स्ट्रा सोफा आणि खोके लावलेले. न्यू ऑर्लीन्सच्या अपस्टेअर्स लाउंज या गे बारला 24 जून 1973 ला आग लावली गेली, 32 माणसं गेली, खिडक्यांना गज होते आणि मागचं दार बऱ्याच जणांना सापडलंच नाही. मी मॅनेजरला ते दार दाखवलं आणि समोर उभा राहिलो, जोपर्यंत सोफा हलवला नाही तोपर्यंत हललो नाही. हलवला त्यांनी, एवढं मात्र केलं.

बाहेर मैत्रीण आधीच पायरीवर बसली होती, ती एक गाणंसुद्धा नाचली नाही. तिघं चालत निघालो, कान वाजत होते, बराच वेळ कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो फोटो क्लबच्या पेजवर आला. चेहरा स्पष्ट. मी आणि मैत्रिणीने मिळून मेल केला, गेटवरची नावं, कॅमेरा, पाणी, दार, सगळं एकेक करून लिहिलं, फोटो आधी काढा मग बाकीचं बोलू असं वर ठळक लिहिलं. पाच तासांनी फोटो गेला. त्या पाच तासांत तो मुलगा माझ्याकडेच बसून होता, दर दोन मिनिटांनी पेज रिफ्रेश करत, घरून फोन आला की दचकत. बाकीच्या मुद्द्यांवर उत्तर आलं की विचार करू. मैत्रिणीने परत लिहिलंय, गेटवरच्या माणसांशी बोलायला मी स्वतः येते, तारीख सांगा. तारीख अजून आलेली नाही.