दहावं वचन गाळू का?

इंदूरच्या रामबागेजवळ आमचं डीटीपीचं दुकान आहे. काम बहुतेक हिंदीतलं, लग्नपत्रिका आणि बिलबुकं. मराठी मजकूर महिन्यातून दोन-चारदा येतो, म्हणून त्या दिवशी एक निवृत्त शिक्षिका मराठी बायबल घेऊन आल्या तेव्हा बरं वाटलं. मुलाला जाऊन वर्ष होत होतं. स्मरणदिनाला वाटायची कार्डं हवी होती. पुढे फोटो, मागे स्तोत्र 91, पूर्ण सोळा वचनं. मुलगा बायपासवरच्या अपघातात गेला. हे स्तोत्र तो रोज रात्री म्हणायचा.

टाइप करताना दहाव्या वचनावर हात थांबला. तुझ्यावर कोणतंही अरिष्ट येणार नाही, असं तिथे आहे. सातवंही तसंच: तुझ्या बाजूला हजार पडतील, उजवीकडे दहा हजार, पण तुला काही होणार नाही. त्या फोटोमागे हे छापायचं? मला क्रूर वाटलं. घरी आई दिवेलागणीला रामरक्षा म्हणते, ‘शिरो मे राघवः पातु’ म्हणत एकेक अवयव रामाच्या हवाली करते. पण आई मागते. इथे तर शब्द दिलेला होता.

प्रूफ दाखवताना म्हटलं, “बाई, जागा कमी पडतेय. सातवं आणि दहावं गाळू का?”

जागेचं निमित्त त्यांनी ओळखलं. “एक अक्षर गाळू नकोस. आधी हे बघ.” चौथ्या वचनात मी ‘पाखरं घालील’ टाइप केलं होतं. त्यांनी पेन्सिलीनं अनुस्वार खोडला. “पाखरं म्हणजे पक्षी. ही पाखर. पक्षीण पिलांवर पंख धरते ती पाखर, आणि लढाईत घोड्याच्या अंगावर चढवायचे ते चिलखतही पाखरच. त्याच वचनात पुढे ढाल आहे. लढाईच नसती तर ढाल कशाला?”

मग त्याच बायबलमधला, येशूची कथा सांगणाऱ्या मत्तयाच्या पुस्तकाचा चौथा अध्याय काढला. सैतान येशूला मंदिराच्या टोकावर नेतो आणि म्हणतो, मार उडी, देवदूत झेलतील. पुरावा म्हणून याच स्तोत्रातलं अकरावं-बारावं वचन ऐकवतो. येशू उडी मारत नाही.

“आता शेवट वाच. चौदाव्यापासून देव स्वतः बोलतो. पंधराव्यात म्हणतो, संकटात मी त्याच्याजवळ असेन. संकट येणारच नसेल, तर हे कोणासाठी?” थोडं थांबून म्हणाल्या, “पहिले तीन महिने मीही दहावं वचन हातानं झाकून वाचायचे.” त्या पानावर त्या ओळीशी कागद मळकट झाला होता.

सातवं वचन मला अजूनही जड जातं. पडलेल्या हजारांचीही कुणीतरी आई असेल. हे मी त्यांना बोलले नाही.

अक्षर साडेआठ पॉइंटवर आणलं तेव्हा सोळाही वचनं बसली. “पंधरावं ठळक करू?” मी विचारलं.

“नको. सगळी सारखी ठेव.” चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि पहिल्या वचनापासून हळू आवाजात वाचत गेल्या. दहाव्याशी थांबल्या नाहीत.

“वाचता येतंय. दीडशे काढ.”