‘तालिस्मान’ची प्रत: तिसऱ्या फलकावर पिवळा पिवळाच राहिला

झालं एकदाचं! पॉल सेरुझिए या फ्रेंच चित्रकाराच्या ‘तालिस्मान’ या तैलचित्राची मी लाकडी फलकावर प्रत करतोय, आणि त्यातलं नदीतलं पिवळं प्रतिबिंब या खेपेला शेवाळी झालं नाही.

दुसऱ्या फलकाची रड मागे लिहिलीच होती. सेरुझिएच्या मूळ चित्राच्याच मापाचा फलक, २७ × २१.५ सेंटिमीटर. झाडी, वाट, मागची गिरणी इथवर ठीक जमायचं आणि पाण्याशी आलो की घोळ. पिवळ्याला निळा भिडला की कडेला हिरवट गाळ. पुसा, लावा, परत गाळ. तीन रविवार यात गेले.

गोम दोन ठिकाणी निघाली. पहिली रंगाच्या नळीत. ‘कॅडमियम यलो ह्यू’ म्हणजे कॅडमियम पिवळ्यासारखा दिसणारा पर्यायी रंग, त्यात अस्सल कॅडमियम नसतं. माझ्या नळीतला रंग झाकतच नव्हता, म्हणून त्याच जागी चारचारदा ब्रश फिरवायचो आणि दर फेरीला शेजारचा निळा उचलला जायचा. बाकी रंग स्वस्तातले चालतील, पिवळ्यात मात्र काटकसर करू नका. दुसरी गोम हातात. जलरंगात कडा ओल्या ब्रशने विरवायची इतक्या वर्षांची सवय इथे नडली.

ऑक्टोबर १८८८मध्ये फ्रान्समधल्या ब्रिटनीतल्या पाँ-आव्हँला, बोआ दामूरच्या राईत, चित्रकार पॉल गोगँने सेरुझिएला सांगितलं होतं: झाड हिरवं दिसतंय ना, मग पॅलेटवरचा सर्वांत सुंदर हिरवा लाव, सावली निळसर वाटते, तर जमेल तितकी निळी कर, भिऊ नकोस. सेरुझिएचा चित्रकार मित्र मोरिस दनी याने नोंदवलेली ही आठवण मला तोंडपाठ आहे. हातात ती परवा उतरली. अस्सल कॅडमियम, एकच फटकारा, परत हात लावायचा नाही. मग केसाएवढी फट सोडून अल्ट्रामरीन, म्हणजे गडद निळा. त्या फटीतून खालचा रंग डोकावतो आणि दोन्ही रंग कसे खणखणीत वाजतात! व्हर्मिलियनचा, म्हणजे शेंदरी लाल, डाग दिला तेव्हा तर मी पाच मिनिटं नुसता बघत बसलो.

उद्या याच फलकावर गिरणी पुरी करणार होतो. पण लिहिता लिहिता वाटतंय, जेसोचा, म्हणजे रंगाखाली देतात त्या पांढऱ्या अस्तराचा, गुळगुळीत थरच रंगाला घसरू देतोय. नुसतं सरस लावलेलं लाकूड थोडं तेल पिईल, रंग लवकर बसेल. गिरणी राहू दे. घरात तेवढ्याच मापाची एक फळी पडून आहे, आज रात्री तिला सरस लावतो.