डिगलीपूरचा बेत: भरती-ओहोटी, कॉन्व्हॉय आणि पाच वाजता मावळणारा सूर्य

अंदमानच्या पॅकेजमध्ये पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील झालं की बहुतेक मंडळी परतीच्या विमानात बसतात. उत्तर अंदमानातल्या डिगलीपूरपर्यंत फार कमी जण जातात. जे जातात त्यातले अर्धे एक रात्र राहून, रॉस-स्मिथ या जोडबेटांचा फोटो काढून माघारी फिरतात आणि 'तिथे विशेष काही नाही' असं सांगत सुटतात. दोष गावाचा नाही, वेळापत्रकाचा आहे. इथे हॉटेलचं चेक-आऊट नव्हे, तर ओहोटी, उजेड, वारा आणि रस्त्यावरचा कॉन्व्हॉय (ठरलेल्या वेळी एकत्र सोडला जाणारा गाड्यांचा ताफा) दिवस ठरवतात. या चार गोष्टी आधी कागदावर मांडून मग तिकिटं काढली, तर हे गाव तळ म्हणून उत्तम आहे. किमान चार रात्री हव्यात, त्याही डिगलीपुरात. प्रवासाचे दिवस वेगळे.

आधी महिना. पाऊस मे अखेरीपासून सुरू होतो, आणि नैऋत्य मोसमी वारे परतले तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरातली वादळं असतातच. सगळे डिसेंबर-जानेवारी धरतात, कारण तेव्हा शाळांना सुट्ट्या असतात. पण डिगलीपूरची पाहण्यासारखी बहुतेक ठिकाणं पूर्व किनाऱ्यावर आहेत आणि त्या दिवसांत वारा ईशान्येकडून येतो. आकाश निळंशार असूनही समुद्र उसळलेला आणि बोटी बंद, असं तेव्हा होऊ शकतं. अंडी घालायला कासवं डिसेंबर ते फेब्रुवारीत जास्त येतात, तर समुद्र फेब्रुवारीपासून निवळत जातो. दोन्ही साधायचं तर फेब्रुवारीचा मध्य धरावा. मार्च-एप्रिलमध्ये पाणी आणखी स्वच्छ असतं, पण उकाडा कोकणातल्या वैशाखासारखा.

पोर्ट ब्लेअरचं नाव 2024 साली श्री विजयपुरम झालं. बोलताना लोक अजून जुनंच वापरतात, पण तिकीट शोधताना दोन्ही नावं टाकून पाहा. तिथून डिगलीपूर अंदमान ट्रंक रोडने 300 किलोमीटरच्या वर आहे आणि बसला 10 ते 12 तास लागतात. सरकारी आणि खासगी बस पहाटे चारच्या सुमारास निघतात, कारण जिरकाटांगच्या नाक्यावर सकाळचा पहिला कॉन्व्हॉय गाठायचा असतो. तो चुकला की पुढच्या कॉन्व्हॉयपर्यंत ताटकळायचं, आणि मग डिगलीपुरात पोचायला रात्र होते. वेळा अधूनमधून बदलतात, त्यामुळे आदल्या दिवशी बस स्टँडवरच विचारा. ओळखपत्र वरच्या खिशात ठेवा, सामानाच्या तळाशी नको.

कॉन्व्हॉय का, तर जिरकाटांग ते मिडल स्ट्रेट हा सुमारे 50 किलोमीटरचा पट्टा जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. या पट्ट्यात गाडी थांबवायची नाही, काच खाली करून काही द्यायचं नाही, फोटो किंवा व्हिडिओ काढायचा नाही. 1956 च्या आदिम जमाती संरक्षण नियमावलीनुसार हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. राखीव क्षेत्रातला हा रस्ता बंद करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच सांगितलं होतं. वाहतूक मात्र आजही चालू आहे. 'जारवा दाखवतो' असं म्हणून जास्त भाडं मागणारा टॅक्सीवाला भेटला, तर सरळ दुसरी गाडी करा. हा रस्ताच टाळायचा असेल तर पोर्ट ब्लेअरहून एरियल बेला, म्हणजे डिगलीपूरच्या धक्क्याला, जहाज जातं. ते रोज नसतं, हवामान बिघडलं की पुढे ढकललं जातं, आणि तिकिटं थोडे दिवस आधीच उघडतात. वेळ हाताशी असेल तर जाताना जहाज, येताना बस ही जोडी चांगली. हेलिकॉप्टर आहे, पण त्यात रुग्ण आणि स्थानिकांना अग्रक्रम असतो, आणि तसाच तो असायला हवा.

मिडल स्ट्रेटची खाडी गाडीसकट फेरीबोटीने ओलांडायची. पुढची हम्फ्री स्ट्रेट मात्र आता पुलावरून पार होते, त्यामुळे पूर्वीची एक रांग वाचते. पाठीचं दुखणं असेल किंवा सोबत लहान मुलं असतील तर रंगत किंवा मायाबंदरला मुक्काम करून प्रवास दोन दिवसांत तोडा. रस्त्याचे काही तुकडे अजूनही हाडं खिळखिळी करणारे आहेत.

राहायचं कुठे, हा खरा निर्णय आहे. डिगलीपूरच्या बाजारात राहिलात तर जेवण, औषधं, एटीएम आणि बस स्टँड पायाशी, पण समुद्र दिसत नाही. गाव आत आहे, भोवती भातशेती. एरियल बे धक्का तिथून सुमारे 10 किलोमीटर, आणि त्याच रस्त्याने पुढे कालीपूर 18 किलोमीटरच्या आसपास. कालीपूरला राहिलात तर कासवांचा किनारा चालत गाठता येतो आणि सॅडल पीक या डोंगराच्या वाटेची सुरुवात जवळ पडते, पण संध्याकाळनंतर गाडी मिळत नाही आणि जेवण जिथे राहाल तिथेच. निसर्गासाठी जात असाल तर कालीपूर घ्या. शेवटची रात्र मात्र बाजारात काढा, म्हणजे पहाटेची बस सुटत नाही. दोन्हीकडे वीज जाते. पॉवर बँक आणि टॉर्च हवेतच. फोनला बीएसएनएलचं सिम त्यातल्या त्यात बरं. रोकड पोर्ट ब्लेअरहूनच घ्या, कारण एटीएम रिकामं असलं की बोटवाल्याला द्यायला काही उरत नाही.

इथल्या वस्तीत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. त्यामुळे खाणावळीत भात, डाळ आणि माशाचा झोल, म्हणजे पातळ रस्सा. सकाळी एरियल बेला उतरलेली मासळी दुपारी ताटात असते. शाकाहारी मंडळींनी भात-डाळ-भाजीची तयारी ठेवावी. बऱ्याच वस्तू जहाजाने येतात, म्हणून बाटलीबंद पाणी आणि बिस्किटंसुद्धा महाग. पाणी गाळायची बाटली नेली तर पैसे वाचतात आणि बेटावरचा प्लास्टिकचा कचराही.

आता घड्याळ. डिगलीपूर मुंबईच्या 20 अंश पूर्वेला आहे, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने सुमारे 80 मिनिटं पुढे, घड्याळ मात्र तेच. डिसेंबरात पावणेसहाला उजाडतं आणि पाचला सूर्य मावळतो. फेब्रुवारीच्या मध्यात मावळतीला जेमतेम साडेपाच. नाश्ता करून नऊला निघणाऱ्याचा अर्धा दिवस इथे वाया जातो. साडेपाचला बाहेर पडायचं, दुपारी झोपायचं, रात्री आठला परत झोपायचं. कासवं पाहायची असतील तर दुपारची झोप सक्तीची धरा.

रॉस आणि स्मिथ ही वाळूच्या पट्ट्याने जोडलेली दोन बेटं. आधी घोटाळा मिटवू: पोर्ट ब्लेअरजवळचं इंग्रजी अवशेषांचं रॉस वेगळं, त्याचं नाव 2018 साली नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. हे रॉस उत्तरेकडचं. एरियल बे धक्क्यावर वनखात्याची परवानगी घ्यायची, गटातल्या प्रत्येकाच्या ओळखपत्राची झेरॉक्स द्यायची आणि बोट ठरवायची. अंतर अर्ध्या तासाच्या आत. बोटीचं भाडं अख्ख्या बोटीचं असतं; दोघेच असाल तर लवकर जाऊन सोबतीला माणसं शोधा. मुक्काम करता येत नाही, परतीची वेळ दुपारीच.

तिथे चुकतं ते भरती-ओहोटीमुळे. फोटोत दिसणारा पांढरा पट्टा ओहोटीचा. उधाणाच्या भरतीला तो पाण्याखाली जातो आणि दोन बेटं सुटी होतात. कोकणातले लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, चतुर्थीला तीन वगैरे. तो हिशेब अरबी समुद्राच्या आपल्या किनाऱ्याचा. तो इथे लावू नका. भारतीय सर्वेक्षण विभागाची छापील तक्ता-पुस्तिका किंवा मोबाइलवरचा तक्ता पाहा आणि धक्क्यावरच्या बोटवाल्याकडून पडताळून घ्या. वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून चार रात्रींतला असा दिवस निवडा, ज्या दिवशी ओहोटीचा तळ सकाळी नऊ ते बाराच्या दरम्यान येतो. बोट त्याच्या दीड तास आधी धरा.

पाण्यात डोकं घालणार असाल तर स्वतःचा मास्क न्या. भाड्याचे बरेचदा गळतात. पोवळ्यावर उभं राहायचं नाही, आणि किनाऱ्यावरून शंख किंवा मेलेलं पोवळंही उचलायचं नाही. पोवळ्यांना वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चं संरक्षण आहे आणि परतताना विमानतळावर सामान तपासलं जातं. 2004 च्या भूकंपात उत्तर अंदमानचा काही किनारा वर उचलला गेला आणि उथळ पाण्यातली पोवळी उघडी पडून मेली. आज दिसणारे पांढरे सांगाडे सगळेच पर्यटकांच्या पायाखालचे नाहीत, पण नवीन वाढ पायांखाली नक्की मरते.

कालीपूरच्या पुळणीवर चार जातींची कासवं अंडी घालायला येतात: ऑलिव्ह रिडले, हिरवं कासव, हॉक्सबिल आणि लेदरबॅक. आपल्या वेळास-आंजर्ल्याला पाहायला मिळतं ते जवळजवळ सगळं ऑलिव्ह रिडलेचं, म्हणून वेळास पाहिलेल्यांनीही इथे यावं. लेदरबॅक मात्र क्वचितच. त्याच्या भरवशावर तिकीट काढू नका. रिडलेच्या एका घरट्यात साधारण 100 ते 120 अंडी असतात आणि पिल्लं 45 ते 60 दिवसांत बाहेर येतात. वनखातं अंडी कुंपणाच्या जागेत हलवतं आणि पिल्लं समुद्रात सोडतं. कधी सोडणार, ते दुपारीच जाऊन विचारून ठेवा. रात्री किनाऱ्यावर वनखात्याच्या माणसाशिवाय उतरू नका. मादी पाण्यातून वर येत असताना हलणारी सावली किंवा पांढरा उजेड दिसला तर ती अंडी न घालताच परत फिरते. टॉर्चला लाल कागद लावा, फ्लॅश बंद ठेवा, मोबाइलचा पडदाही झाका. अंडी पडायला लागल्यावर मागच्या बाजूने, बसून पाहा. तीन रात्री गेलात तर कासव दिसण्याची आशा धरता येते. एका रात्रीत ती नशिबाची गोष्ट.

सॅडल पीक 732 मीटर, अंदमान-निकोबारचं सर्वांत उंच टोक. सिंहगड दर रविवारी चढणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल. पण सुरुवात समुद्रसपाटीवरून आहे, वाट एका बाजूने सुमारे 8 किलोमीटर, आणि दमट हवेत घाम वाळतच नाही. लामिया बेच्या चौकीवर नोंद करून, वाटाड्या घेऊन सहाला निघायचं. पहिला भाग किनाऱ्याने सपाट, तिथे भराभर जाऊन दम घालवू नका; खरा चढ नंतर सुरू होतो. माणशी तीन लिटर पाणी, मीठ-साखर, आणि चांगली पकड असलेले बूट. दुपारी बाराला जिथे असाल तिथून परत फिरा, माथा आला नसला तरी. पाचला जंगलात अंधारून आलेलं असतं. माथ्यावर ढग असतातच, त्यामुळे केवळ देखाव्यासाठी जाऊ नका. वाटेवरचं सदाहरित जंगल पाहायचं असेल तर जा. पाऊस पडून गेला असेल तर जळवा असतात.

रामनगरच्या जंगलातल्या आल्फ्रेड गुहा दुसऱ्या दिशेला. चुनखडीच्या या गुहांत लाळेची खाद्य घरटी करणाऱ्या पाकोळ्या राहतात. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवरच्या पाकोळ्यांची घरटी चोरली जात, तोच धंदा इथेही होता. म्हणून विणीच्या हंगामात वनखात्याला विचारूनच जा. श्यामनगरचे चिखलाचे ज्वालामुखी म्हणजे बुडबुडणारे छोटे उंचवटे. अर्धा दिवस मोडून जाण्याइतके काही नाहीत.

मगरींचा धोका थट्टेवारी नेऊ नका. खाऱ्या पाण्यातली मगर खाड्यांत, खारफुटीत आणि नदीच्या मुखाशी असते, आणि समुद्रातही पोहते. फलक असेल तिथे गुडघाभर पाण्यातही उतरायचं नाही. तिन्हीसांजेला आणि पहाटे तर कुठेच नाही. रोजचा त्रास मात्र वाळूतल्या बारीक चिलटांचा, सँडफ्लायचा. चावा दुसऱ्या दिवशी खाजतो आणि खाजवला की चिघळतो. लांब पँट घाला, उघड्या अंगावर खोबरेल तेल चोपडा, वाळूवर थेट न बसता चटई टाका. मच्छरदाणी तपासून घ्या. गावात सरकारी रुग्णालय आहे, पण मोठ्या दुखण्याला पोर्ट ब्लेअर गाठावं लागतं. हृदयविकार असणाऱ्यांनी हे अंतर आधी डॉक्टरांशी बोलावं.

परतीचं विमान डिगलीपूरहून निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवू नका. मधे पोर्ट ब्लेअरात एक अख्खा मोकळा दिवस हवा. एक बस बंद पडली, फेरीबोट अडकली किंवा जहाज रद्द झालं की तो दिवस खर्च होतो. झालाच नाही, तर त्या दिवशी सेल्युलर जेल पाहा.