एका टेबलावरचे देशपांडे

आमच्या वाचनालयाच्या संगणकात लेखकाच्या रकान्यात ‘देशपांडे’ टाकलं की दोनच माणसं निघायची. एक ‘देशपांडे पु.’ आणि दुसरे नुसतेच ‘देशपांडे’. जुन्या कार्डांवरून नोंदी उतरवण्याचं काम बाहेरच्या एका एजन्सीला दिलेलं होतं. टंकणाऱ्यांनी श्री., सौ., कै., डॉ. गाळता गाळता बरीच आद्याक्षरंही गाळली. ‘कु.’ तर कुमारी समजूनच काढून टाकलं. शेवटी एकसारखी वाटणारी नावं एकत्र करण्याची आज्ञा चालवली गेली आणि शंभर वर्षांतले देशपांडे एका ओळीत जमा झाले.

हे उघड झालं ते एम.ए. मराठीच्या एका विद्यार्थिनीमुळे. तिच्या सरांनी तिला सांगितलं होतं, ‘कादंबरीवर लिहितेस तर आधी कुसुमावतींचं पुस्तक वाच.’ पुस्तकाचं नाव तिला आठवत नव्हतं. तिने लेखकाच्या रकान्यात ‘कुसुमावती’ टाकून पाहिलं, ‘नोंद नाही’ आलं, आणि ती पिशवी उचलून निघालीसुद्धा.

मी म्हटलं, “थांब. ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ हवंय तुला. आपल्याकडे आहे ते.”

“पण ताई, संगणकात नाही दाखवत.”

“कार्डात असेल.”

कार्डांचे लाकडी ट्रे अजून तळघराच्या जिन्याखाली होते. ‘द’चा ट्रे काढला. पिवळट जाड कार्ड, त्यावर बोरूच्या वळणाचं निळं अक्षर : ‘देशपांडे, कु.’. खाली पुस्तकाचं नाव, वर्गांक, दाखल नंबर. त्या नंबरावरून दाखल रजिस्टर उघडलं, मग कपाट गाठलं. पुस्तक होतं जागेवर, 1953 सालचं. मुलीने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि तिथेच उभ्या उभ्या अनुक्रमणिका वाचायला लागली.

ती वाचत होती आणि माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. 1961 साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झालेल्या कुसुमावती देशपांडे, हा मान मिळालेल्या पहिल्या स्त्री. आयुष्याची कितीतरी वर्षं नागपुरात इंग्रजी शिकवण्यात आणि मराठी वाङ्मयाची पारख करण्यात गेली. आणि विदर्भातल्याच एका वाचनालयात त्यांच्या नावापुढे ‘नोंद नाही’. हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी ग्रंथपाल सरांना सांगितलं की आज दुपारी देवघेव बंद झाली की मी दुसरं काही करणार नाही, सगळे देशपांडे खाली काढणार. ते म्हणाले, “काढा. शिपाईकाकांना सोबत घ्या.”

वर्तमानपत्रांचं लांब टेबल आम्ही मोकळं केलं. काका कपाटांमधून पुस्तकं आणत गेले आणि मी मुखपृष्ठ न बघता आतलं शीर्षकपान उघडत गेले, कारण बांधणीत मुखपृष्ठं गेलेली असतात, शीर्षकपान सहसा शाबूत असतं. एरवी ही पुस्तकं विषयवार असल्याने कधीच शेजारी येत नाहीत. कविता एका भिंतीला, समीक्षा दुसऱ्या, अध्यात्म पार खिडकीपाशी. त्या दुपारी ती पहिल्यांदाच एकत्र आली.

पु. लं.चा ढीग सगळ्यात उंच, आणि सगळ्यात झिजलेला. त्याच ढिगात संगणकाच्या हिशेबाने एक पुस्तक होतं ‘अनामिकाची चिंतनिका’. विनोदी समजून कोणीतरी ते घरी नेलं असणार आणि गोंधळून परत आणलं असणार. ते पुरुषोत्तम यशवंत देशपांड्यांचं, नागपूरचे पु. य.; त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार आहे. पु. ल. म्हणजे पुरुषोत्तम लक्ष्मण. पहिलं नाव एक, आडनाव एक, आणि लिखाण दोन टोकांचं. मधलं एक अक्षर गाळलं की एक लेखक दुसऱ्याच्या पोटात जातो. सर्वोदयाच्या कामात आयुष्य घातलेल्या निर्मला देशपांडे या पु. यं.च्या कन्या, हे काकांना सांगितलं तेव्हा ते त्या पुस्तकावरची धूळ सदऱ्याच्या बाहीने पुसायला लागले. निर्मलाताईंचं नाव त्यांना ठाऊक होतं.

मग मेहकरचे ना. घ. देशपांडे. ‘शीळ’ची आमची प्रत इतकी पातळ आहे की दोन जाड पुस्तकांमध्ये ती दिसतच नाही. ‘रानारानात गेली बाई शीळ’ हे गाणं आमच्या भागात ज्यांना पाठ आहे त्यांच्यापैकी कितीजणांना कवीचं नाव माहीत असेल? त्या पातळ पुस्तकाची संगणकात नीट नोंद असणं मला पु. लं.च्या नोंदीइतकंच, खरं तर जास्त, महत्त्वाचं वाटतं. पु. ल. कुणालाही सापडतातच.

ग. त्र्यं. देशपांड्यांचं ‘भारतीय साहित्यशास्त्र’ रससिद्धान्ताच्या कपाटातून आलं. लक्ष्मण देशपांड्यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ नाटकांतून. शशी देशपांडे इंग्रजी विभागातून, ‘दॅट लाँग सायलेन्स’ घेऊन. गौरी देशपांड्यांच्या कादंबऱ्या आल्या, आणि काका दोन फेऱ्यांमध्ये त्यांनी मराठीत आणलेल्या अरबी सुरस कथांचे खंड घेऊन आले. सोळा खंडांचं ते काम. आमच्याकडे मधले दोन नाहीत. एकटीने एवढं भाषांतर करणाऱ्या बाईचं नाव संगणकात नुसतं ‘देशपांडे’!

देशपांडे हे परगण्याचं दफ्तर आणि जमाखर्च सांभाळणारं वतन. जितके परगणे तितकी घराणी, त्यामुळे या टेबलावरच्या बहुतेकांचं एकमेकांशी काही नातं नाही. आणि जिथे खरं नातं आहे तिथे आडनाव ते दाखवत नाही. गौरी या इरावती कर्व्यांच्या कन्या, आणि इरावतीबाई आमच्याकडे ‘क’मध्ये. शशी देशपांडे कन्नड नाटककार श्रीरंगांच्या. पु. लं.च्या पत्नी सुनीताबाई माहेरच्या ठाकूर, कुसुमावती जयवंत. या चौघींनाही हे आडनाव लग्नानंतर मिळालं. त्यांचं स्वतःचं म्हणून कार्डावर जे उरतं ते पहिलं नाव. तेच आद्याक्षरावर भागवलं तर उरलं काय?

सगळ्यात जास्त वेळ गेला तो कवी अनिलांपाशी. आत्माराम रावजी देशपांडे, कुसुमावतींचे पती, 1958च्या मालवण संमेलनाचे अध्यक्ष. ‘फुलवात’पासून ‘दशपदी’पर्यंत प्रत्येक शीर्षकपानावर फक्त ‘अनिल’. कार्डं ‘अ’च्या ट्रेमध्ये, त्यामुळे संगणकाच्या त्या गोंधळातून ते सुटले होते. पण मग नवरा ‘अ’त, बायको ‘द’त, आणि दोघांच्या पत्रांचं ‘कुसुमानिल’ कुठेच नाही. ते मला चरित्रांच्या कपाटात मिळालं, लेखकाचा रकाना कोरा. एका पानावर पत्र तिचं, पुढे त्याचं.

ग्रंथपाल सरांचं मत पडलं की अनिलांनाही देशपांड्यांत आणावं, म्हणजे घर एकत्र येईल. मला ते पटलं नाही. ज्या नावाने माणसाने आयुष्यभर कविता छापली, वाचक ज्या नावाने विचारतो, ते नाव आपण बदलायचं नाही. बराच वेळ बोलणं झालं. शेवटी मुख्य नोंद ‘अनिल’ अशीच ठेवली, आणि ‘देशपांडे, आत्माराम रावजी, 1901–1982 : पाहा अनिल’ अशी जोडनोंद केली. ‘कुसुमानिल’ला दोघांची नावं दिली, तिचं आधी, पुस्तकाच्या नावात ती आधी आहे म्हणून.

संध्याकाळी दारं उघडेपर्यंत प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि जन्मसाल बसवून झालं. देशपांडे, कुसुमावती, 1904–1961. देशपांडे, गौरी, 1942–2003. जन्मसाल घालायचं ते उद्या याच नावाची आणखी एखादी लेखिका आली तर दोघी वेगळ्या राहाव्यात म्हणून. ज्यांची सालं खात्रीने मिळाली नाहीत त्यांची जागा रिकामी सोडली. अंदाजाने भरलेला आकडा पुढे कुणीच तपासत नाही.

ती विद्यार्थिनी पुस्तक बदलायला आली तेव्हा मी तिला पुन्हा ‘कुसुमावती’ टाकायला सांगितलं. ‘पासंग’ निघालं, ‘दीपकळी’ निघालं, ‘मोळी’ निघालं. “कथापण लिहिल्यात यांनी?” तिने विचारलं, आणि ‘दीपकळी’ मागून घेतलं. ती कार्डावर सही करत होती तोवर मी कुलकर्ण्यांचा ट्रे टेबलावर काढला. कृ. पां., वा. ल., जी. ए., अ. रा. असे चौघं तरी पहिल्या वीतभर कार्डांतच आहेत.