ब्रनोमधला वाटाण्याचा वाफा

व्हिएन्नाहून चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोला रेल्वेने साधारण दीड तास लागतो. हा लोहमार्ग १८३९ पासून सुरू आहे. म्हणजे १८५१ ते १८५३ या काळात ग्रेगोर मेंडेल शिकण्यासाठी व्हिएन्ना विद्यापीठात गेले, तेव्हाही या दोन शहरांमध्ये गाड्या धावत होत्या. मला ही बाब महत्त्वाची वाटते, कारण आपल्या पाठ्यपुस्तकातले मेंडेल कुठल्याशा आडरानातल्या मठात जगापासून तुटून बसलेले असतात आणि एके दिवशी त्यांना वाटाण्यातून आनुवंशिकतेचे नियम सापडतात. प्रत्यक्षात त्यांना भौतिकशास्त्र शिकवायला डॉप्लर होते आणि वनस्पतिशास्त्र शिकवायला उंगर.

स्थानकावरून एक नंबरची ट्राम थेट मेंडेल चौकात नेते. चौकाच्या एका बाजूला स्टारोब्रनो बिअरचा कारखाना आहे, तर दुसऱ्या बाजूला विटांचे उंच गॉथिक चर्च आणि त्याला लागून ऑगस्टिनियन पंथाचा सेंट थॉमस मठ. या वास्तूची सुरुवात १३२३ साली राणी एलिझाबेथ रेजका हिने सिस्टर्शियन जोगिणींसाठी केली आणि ऑगस्टिनियन येथे आले ते १७८३ मध्ये. मठाच्या काही दालनांत आज मेंडेल संग्रहालय आहे. मी आत जाण्याआधी बराच वेळ बाहेरच रेंगाळलो, कारण मला आधी ती जमीन पाहायची होती.

जमीन म्हणजे इमारतीला खेटून असलेला एक अरुंद पट्टा, सुमारे ३५ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद. मी तो पावलांनी मोजून पाहिला. पन्नास पावलांच्या आतच संपला. गावाकडे परसात भाजीपाला लावायला लोक याहून मोठी जागा राखतात. एवढ्याशा जागेत १८५६ ते १८६३ या आठ वर्षांत सुमारे २८,००० रोपे वाढवली गेली.

आधी प्रश्न कुठून आला ते सांगायला हवे, कारण तो मेंडेल यांचा एकट्याचा नव्हता. ब्रनो हे लोकरी कापडाचे शहर होते आणि येथल्या मेंढपाळीच्या धंद्याला एकच चिंता सतावत होती: चांगल्या मेरिनो एडक्याची लोकर त्याच्या पिलांत कितपत उतरते? हंगेरियन उमराव इम्रे फेश्टेटिच यांनी १८१९ सालीच या चर्चेत ‘निसर्गाचे जेनेटिक नियम’ असा शब्दप्रयोग केला होता. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ बेटसन यांनी या शास्त्राला ‘जेनेटिक्स’ हे नाव दिले ते १९०५ साली. मठाधिपती सिरिल नाप्प या मेंढपाळ मंडळींच्या सभांना जात. १८३७ च्या सुमारास त्यांनी तेथे मुद्दा मांडला, की पैदास कशी करावी यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मुळात वारशाने काय उतरते आणि कसे उतरते, हे ठरवायला हवे. सहा वर्षांनी याच नाप्प यांनी एका शेतकऱ्याच्या मुलाला मठात घेतले आणि पुढे त्याला व्हिएन्नाला धाडले. मेंडेल यांच्या चरित्रात मला नाप्प यांचे श्रेय फार कमी लेखलेले दिसते.

मेंढ्यांऐवजी वाटाणा निवडण्यात खरी अक्कल होती. वाटाण्याच्या फुलात पुंकेसर आणि कुक्षी पाकळ्यांच्या नावेसारख्या कोषात बंद असतात, त्यामुळे फूल आपल्याच परागांनी फळते आणि परके पराग सहसा शिरत नाहीत. संकर करायचा तर कळी उमलण्याआधी तो कोष उघडायचा, चिमट्याने एकेक पुंकेसर खुडायचा आणि दुसऱ्या झाडाचे पराग कुक्षीवर लावायचे. हे काम एका फुलाचे नव्हे, शेकडो फुलांचे. मग शेंगा वाळवायच्या, सोलायच्या आणि दाणे मोजायचे. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या प्रयोगात २५३ संकरित झाडांपासून ७,३२४ दाणे मिळाले: ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. पिवळ्या-हिरव्याच्या प्रयोगात ६,०२२ पिवळे, २,००१ हिरवे. साधारण तीनास एक हे प्रमाण आपण शाळेत पाठ करतो. पण मेंडेल तेथे थांबले नाहीत. त्यांनी गोल दाणे पुन्हा पेरून ५६५ झाडे वाढवली. त्यांतल्या १९३ झाडांना फक्त गोल दाणे आले, ३७२ झाडांना दोन्ही. म्हणजे दिसायला सारखे असलेले दाणे आतून सारखे नव्हते, आणि दबलेले लक्षण, म्हणजे सुरकुतलेपणा, नष्ट न होता तसेच शिल्लक होते. सगळा शोध या दुसऱ्या मोजणीत आहे, असे माझे मत आहे.

संग्रहालयात या दोन प्रकारांविषयी वाचताना मला घरचा डबा आठवला. मिसळीसाठी आपण भिजवतो तो ‘पांढरा’ वाटाणा नीट पाहिला तर फिकट पिवळा आणि गुळगुळीत गोल असतो. सुरकुतलेल्या दाण्यात पिठूळ भाग कमी आणि साखर जास्त असते. ती पाणी धरून ठेवते आणि दाणा वाळला की आक्रसतो. हिवाळ्यातला गोड मटार बहुधा याच जातीचा.

मेंडेल यांनी ८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ रोजी ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे हे निष्कर्ष वाचून दाखवले आणि १८६६ मध्ये ते छापले गेले. म्युनिकचे वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला, पण तो मुख्यतः हायरेशियम या रानफुलाभोवती फिरत राहिला. दुर्दैव असे, की ही वनस्पती बहुतेकदा परागणाशिवायच बी धरते, त्यामुळे तिने मेंडेल यांचे नियम पाळलेच नाहीत. १८६८ मध्ये ते मठाधिपती झाले आणि पुढची वर्षे सरकारशी कराच्या भांडणात गेली. १८८४ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा अंत्यविधीत ऑर्गन वाजवला तो संगीतकार लिओश यानाचेक यांनी. दे व्हरीस, कोरेन्स आणि चेर्माक या वनस्पतिशास्त्रज्ञांमुळे जग मेंडेलकडे वळले ते १९०० साली.

बागेत संगमरवरी पुतळा आहे. तो १९१० मध्ये बाहेरच्या चौकात उभारला होता. कम्युनिस्ट राजवटीत, मेंडेल यांची आनुवंशिकता नाकारणाऱ्या सोव्हिएत कृषितज्ज्ञ लायसेन्कोच्या मतांचा अंमल असताना, तो आत हलवला गेला. शेजारी जुन्या काचघराच्या पायावर २०२२ मध्ये नवे काचघर बांधले आहे.

संध्याकाळी मी मध्यवर्ती स्मशानभूमीत गेलो. मेंडेल यांची वेगळी समाधी नाही. मठातल्या सगळ्या ऑगस्टिनियन बंधूंची मिळून एकच आहे. २०२१ मध्ये संशोधकांनी ती उघडली, तेव्हा तिच्यातली कोणती हाडे मेंडेल यांची आहेत याची खात्री करण्यासाठी त्यांच्या वापरातल्या वस्तूंवरचा डीएनए हाडांतल्या डीएनएशी ताडून पाहावा लागला.