बाग ती बागच की, सर!

शाळेच्या ३८ पोरांना बेंगळुरूची लालबाग दाखवून आणली. प्रवासाचं काही सांगण्यासारखं नाही. दुपारी सोलापूरला उद्यान एक्स्प्रेसमध्ये बसलो, सकाळी बेंगळुरू. बाग बघायला निघालो आणि गाडीचं नावही उद्यान, यावर पोरं वाडी येईपर्यंत हसत होती. अडलं ते त्याआधी, परवानगीत.

नोव्हेंबरात प्रस्ताव दिला, कारण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघायचं होतं. आठ दिवसांनी चौकशीला गेलो तर कागद त्रुटीत. ‘स्थळाचे शैक्षणिक महत्त्व’ या रकान्यात मी ‘ऐतिहासिक वनस्पती उद्यान’ एवढंच लिहिलेलं. टेबलावरचे भाऊसाहेब म्हणाले, "सर, बागच दाखवायची तर हुतात्मा बागेत न्या की. बाग ती बागच." मी तोंडी समजावू लागलो, तर म्हणाले, "लेखी द्या. तीन प्रतींत."

रात्री बसून लिहिलं. हैदरअलीनं १७६० मध्ये ही बाग सुरू केली, टिपूनं वाढवली, लांबलांबून रोपं आणि बिया मागवल्या. १८५६ पासून ती सरकारी वनस्पती उद्यान झाली. आज २४० एकर. काचघराची पायाभरणी १८८९ ची. परमुलखातलं झाड आपल्या मातीत, आपल्या उन्हात तग धरतं का, हे आधी अशा बागेत लावून बघतात. म्हणून झाडाला शास्त्रीय नावाची पाटी असते. नुसत्या शोभेच्या बागेत ती कशाला लागेल? लिहून झाल्यावर वाटलं, आता बोलायला जागाच नाही.

दुसरी त्रुटी निघाली : पालकांच्या सह्या काळ्या शाईत, निळी पाहिजे. ३८ घरं पुन्हा फिरलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा साहेब दौऱ्यावर. चौथ्यांदा माझी फाइल जेवणाच्या डब्याखाली सापडली. बरोबर ‘लालबाग’ या शब्दावर शेंगाचटणीच्या तेलाचा गोल उमटलेला. भाऊसाहेबांनी तो अंगठ्यानं पुसला, जास्तच पसरला, आणि म्हणाले, "ही प्रत खराब झाली, दुसरी द्या." (आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का त्याच दिवशी मारून घ्या. माझं एक जोडपत्र ‘आलंच नाही’ असं ठरलं होतं.)

परवानगी हातात पडली जानेवारीत. म्हणजे ऐन पुष्पप्रदर्शनाच्या दिवसांत. ते २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या सुमारास भरतं. काचघरात फुलं कमी आणि माणसांच्या पाठीच जास्त दिसल्या. झाडं दाखवायची असतील तर हे दिवस टाळा. मला टाळता आले नाहीत, का ते वर लिहिलंच आहे.

गर्दीला कंटाळून पोरं बागेतल्याच, बेंगळुरू वसवणाऱ्या केंपेगौडांच्या मनोऱ्याच्या खडकावर नेली आणि सहल तिथंच वसूल झाली. हा नीस जातीचा खडक, वय सुमारे ३ अब्ज वर्षं. आमच्या पोरांना खडक म्हणजे काळा बेसाल्ट, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. इथं करड्या-पांढऱ्या पट्ट्या. सातवीतला एकजण पालथा पडून एका पट्टीवरून बोट फिरवत राहिला आणि विचारलं, "सर, मग आपला दगड याचा नातू का पणतू?" तिथंच तोंडी भागाकार केला : वयात सेहेचाळीस पटींचा फरक. खडक सकाळी लवकर चढा, नंतर तापतो.

आणि हो, घरी कन्नड बोलणारी पोरं रांगेत पुढं ठेवा. सोलापुरात ती प्रत्येक वर्गात असतातच. माळीकाकांशी गप्पा त्यांनीच मारल्या, मी नुसता मान हलवत होतो.

आता सहलीचा अहवाल मागितलाय. तीन प्रतींत, फोटोसह. पहिल्या पानावर मी त्या खडकाचा फोटो चिकटवलाय, पालथ्या पडलेल्या पोरासकट. त्रुटी काय निघणार तेही माहीत आहे : बागेचा फोटो जोडलेला नाही.